खाटा मोजा, मग सभासद करा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गडचिरोली जिल्ह्यातलं, वैनगंगेकाठचं चारशे वस्तीचं गाव. नाल्याला पूर आला की चार-सहा दिवस गावाचं बेट होतं. सहा घरांची मिळून आठ एकर जमीन आहे, त्यातली तीन एकर गोंड कुटुंबांच्या नावे. गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. फिजीच्या बेटावरचा इंटरनेट-सभासदांचा प्रयोग तुमच्या वाचनात आला आणि वाटलं की आपणही 500 ऑनलाइन सभासद करू, प्रत्येकी 10,000 रुपये घेऊ, त्या 50 लाखांत खोल्या आणि सोलर उभं करू, सभासदांना जमिनीत वाटा आणि निर्णयात मत देऊ. हे जमेल का?

जमेल. पण 500 हा आकडा, जमिनीतला वाटा आणि निर्णयातलं मत, या तिन्ही गोष्टी बदलाव्या लागतील.

फिजीत काय झालं ते नीट समजून घ्या. बेन कीन आणि मार्क जेम्स या दोघा इंग्रज तरुणांनी 2006 साली व्होरोव्होरो नावाचं छोटं बेट तिथल्या प्रमुखाकडून, तुई माली यांच्याकडून, तीन वर्षांच्या कराराने घेतलं. संकेतस्थळावर 5,000 सभासद करायचे, एका वेळी बेटावर 100 माणसं राहतील, आणि दर महिन्याचा 'मुखिया' सभासदांनी ऑनलाइन मतदानाने निवडायचा, अशी योजना होती. 5,000 चा आकडा कधीच गाठला गेला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फिजीत लष्कराने सत्ता घेतली. परदेशी पाहुण्यांवर चालणाऱ्या कामासाठी याहून वाईट मुहूर्त नाही. तरी तो प्रयोग काही वर्षं टिकला. तिथली मूळ रहिवाशांची जमीन कायद्याने विकताच येत नाही, ती एकेका वंशाची सामाईक असते. महिन्याचा मुखिया इंटरनेटवरून येवो की कुठूनही, जमिनीवरचा शब्द तुई मालींच्या माणसांचाच होता, आणि कामाला हातही त्यांच्याच गावाचे लागले. संकेतस्थळापेक्षा हा पाया महत्त्वाचा होता.

हाच पाया तुमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या लेखा-मेंढ्यात, फार आधीपासून पक्का झालेला आहे. 2009 साली त्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे दोन वेगळ्या बैठका असतात. अभ्यासगटात बाहेरचा माणूसही बसतो, माहिती देतो, वाद घालतो. निर्णय मात्र ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. तुमच्या ऑनलाइन सभासदांना नेमकी ही अभ्यासगटाची जागा द्या. त्यांनी हिशेब तपासावा, सूचना कराव्यात, आपलं कसब द्यावं. जमीन, पाणी, जंगल, मजुरी आणि गावाचे सण यांवर मत ग्रामसभेचंच. ही ओळ सभासदत्वाच्या अर्जावर वरच्या बाजूला ठळक छापा. तीन वर्षांनी एखादा सभासद ‘मी पैसे भरलेत’ म्हणून बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, पाण्यावर बोलायला लागेल, तेव्हा तीच कामाला येईल.

आता आकडा. सभासद किती करायचे हे किती लोक तयार होतात त्यावर ठरवू नका. खाटा आणि दिवस मोजून ठरवा. सहा खोल्या, प्रत्येकी दोन खाटा, म्हणजे 12. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे 120 दिवसच पाहुण्यांना उघडे ठेवा. मार्चनंतर ऊन चढतं, विहीर खाली जाते, मोहफूल आणि नंतर तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो आणि गावात कोणाला पाहुण्याकडे बघायला वेळ नसतो. पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नाही. 12 खाटा गुणिले 120 रात्री म्हणजे 1,440 मुक्काम. एवढे कधीच भरत नाहीत. सोमवार ते गुरुवार खोल्या रिकाम्या जातात. 55 ते 60 टक्के धरा, म्हणजे 800 ते 850. एका सभासदाला वर्षाला दोन माणसांचे चार दिवस, म्हणजे 8 मुक्काम दिले, तर 100 सभासद झाले की तुमचं घर भरलं. त्यापुढचा प्रत्येक सभासद म्हणजे पूर्ण न करता येणारं वचन.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा ही ठरलेली भांडणाची जागा. शंभरातले साठ जण त्याच तारखा मागतील. त्या आठवड्याची चिठ्ठी टाका, आणि त्यातली एक रात्र दोन मुक्काम धरा. नियम पहिल्याच वर्षी लागू करा. नंतर आणला तर जुने सभासद दुखावतात.

जमिनीत वाटा देण्याचा विचार सोडून द्या. शेतजमीन परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याच्या नावे करता येत नाही, विदर्भासाठी 1958 चा वेगळा कूळवहिवाट कायदा आहे. तीन एकर आदिवासींच्या नावे आहे, तिथे महसूल संहितेची कलमं 36 आणि 36अ लागतात. परवानगीशिवाय केलेला व्यवहार रद्द होतो आणि जमीन परत जाते. साध्या कागदावरचा ‘सहभाग’ही यातून सुटत नाही. दुसरा धोका पैशांचा. लोकांकडून पैसे गोळा करून तुम्ही ते शेतीत लावणार आणि त्यावर परतावा देणार असं कुठेही लिहिलंत, अगदी व्हॉट्सअॅपवर जरी, तरी ती सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते आणि त्यासाठी सेबीची नोंदणी लागते. परत करायच्या बोलीवर पैसे घेतले तर 2019 चा अनियंत्रित ठेवींवरचा बंदी कायदा आहे. साग, चंदन आणि शेळीपालनाच्या योजनांत विदर्भातल्या लोकांचे पैसे बुडालेले आहेत, त्यामुळे पोलिसही अशा गोष्टीकडे संशयानेच बघतात. म्हणून शब्द जपून वापरा: वर्गणी, मुक्काम, धान्य. गुंतवणूक, शेअर, नफा हे शब्द कागदात येऊच देऊ नका.

संस्था कुठली? तुमच्यासारख्या सहा घरांना आणि बचतगटाला शेतकरी उत्पादक कंपनी सोयीची. किमान 10 उत्पादक लागतात, मालकी उत्पादकांकडेच राहते, बाहेरचा सभासद ग्राहक असतो. मुक्कामाच्या भागासाठी 2020 च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे वेगळी नोंदणी करा. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेपर्यंत मुक्कामाच्या सेवेसाठी जीएसटीची नोंदणी लागत नाही. परदेशी नागरिकाकडून देणगी घेऊ नका, त्याला केंद्राची वेगळी परवानगी लागते. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस चालतो. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला तर 24 तासांच्या आत ऑनलाइन कळवावं लागतं. तो पोहोचायच्या आधीच फॉर्म अर्धा भरून ठेवा, कारण नेमकं त्याच संध्याकाळी नेटवर्क जातं.

वर्गणी 8,000 धरू. त्यात 8 मुक्काम जेवणासह, आणि 15 किलो तांदूळ. 100 सभासदांचे 8 लाख होतात. खर्च असा बसतो: जेवणाचा कच्चा माल 800 मुक्काम गुणिले 250, म्हणजे 2 लाख. स्वयंपाक आणि साफसफाईला तीन बाया, रोज 400 प्रमाणे 120 दिवस, 1,44,000. फोन, बुकिंग आणि हिशेब सांभाळणारं एक माणूस बारा महिने, महिना 10,000 ने 1,20,000. तांदूळ, पोती आणि पाठवणी मिळून 1 लाख. गाद्या, मच्छरदाण्या, कवेलू (छपराची कौलं), बॅटऱ्यांची झीज 80,000. ग्रामसभेच्या निधीला दहा टक्के, 80,000. पैसे घेणाऱ्या कंपनीची टक्केवारी, नेट, सीए, सगळं मिळून 36,000. बेरीज 7,60,000. उरले 40,000. एवढंच उरतं, आणि हे शंभर सभासद भरल्यावर. पहिल्या वर्षी 40 जण आले तरी पुष्कळ. तेव्हा जमा 3,20,000 आणि खर्च 3,90,000 च्या आसपास, कारण फोनवरचं माणूस बारा महिने लागतंच. ही सत्तर हजारांची तूट आधी बाजूला ठेवून मगच सुरुवात करा. खोल्यांचं भांडवल वर्गणीतून काढायचा विचार तर मुळीच करू नका. वर्गणी म्हणजे अजून न केलेल्या कामाचे पैसे. त्यातली निम्मी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवा आणि सभासद राहून गेल्यावरच वापरा. रस्ता बंद झाला, कोणाचं आजारपण निघालं, तर परत द्यायला तीच असते.

हे जाळं टिकतं कशावर? नुसत्या मुक्कामावर टिकत नाही. माणूस एकदा येतो, खूश होतो, फोटो काढतो, आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे जातो. ज्याच्या घरात तुमचा तांदूळ शिजतो, तो वर्गणी पुन्हा भरतो. म्हणून धान्याकडे मुक्कामापेक्षा जास्त लक्ष द्या. 1,500 किलो तांदळाला साधारण 25 क्विंटल धान लागतं, कारण भरडाईत 60 टक्क्यांच्या आसपासच हाती येतं. एचएमटी लावलं तर पावणेदोन-दोन एकर बांधी पुरते. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून काढलेलं हे वाण आहे. सभासदांना ते जरूर सांगा, शहरातल्या कित्येकांना एचएमटी हे घड्याळाचंच नाव वाटतं. चिन्नोर हा सुवासिक तांदूळ द्यायचा असेल तर एकरी उतारा कमी धरा आणि भावही वेगळा लावा.

इथे सगळ्यात जास्त बिघडतं ते ओलाव्यापायी. धानात 14 टक्क्यांहून जास्त ओल असताना भरडलं की तुकडा वाढतो आणि पोत्यात महिन्याभरात सोंडे पडतात. मीटर नसेल तर दाणा दाताखाली धरा. कट्ट आवाज होऊन दोन तुकडे पडले की वाळलं, दबून चपटा झाला की अजून दोन उन्हं द्या. सगळा तांदूळ एकदम पाठवू नका. 8 किलो जानेवारीत, 7 किलो जूनच्या आधी, आणि दुसरा हप्ता धान ठेवून तेव्हाच भरडलेला. पुण्याच्या दमट फ्लॅटमध्ये पंधरा किलोचं पोतं ऑगस्टपर्यंत चांगलं राहत नाही, आणि किडा पडला की दोष तुमच्याकडेच येतो. सोबत अर्धा किलो जवस टाकलं तर बांधीत धानानंतर काय निघतं हेही त्यांना कळतं.

बांधकामात माती, बांबू आणि कवेलू वापरणार म्हणता, उत्तम. बांबू पावसाळा संपल्यावर, तीन वर्षांच्या वरचाच तोडा. कोवळा बांबू दिसायला सरळ असतो, पण त्यात साखर जास्त, म्हणून घुण त्यालाच आधी लागते. 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक अॅसिड विरघळवा, सळईने पेरांचे आतले पडदे फोडा, आणि बांबू सात दिवस पूर्ण बुडवून ठेवा. नंतर सावलीत उभा करून वाळवा. पडदे न फोडता बुडवलेला बांबू आतून कोरडाच राहतो आणि दुसऱ्या उन्हाळ्यात खाटेवर पिवळा भुसा गळायला लागतो.

संडासाला दोन खड्ड्यांची पद्धत घ्या. आतून 1 मीटर व्यास, 1.2 मीटर खोली. माणशी वर्षाला 40 लिटर गाळ धरला, आणि पाहुणे चार महिने व घरची चार माणसं वर्षभर असा हिशेब केला, तर वरचे 30 सेंटिमीटर सोडून एक खड्डा सव्वादोन वर्षं जातो. पण तुमच्याकडे बांधीला लागून कन्हार, म्हणजे भारी काळी, जमीन आहे. ऑगस्टमध्ये पाण्याची पातळी वर येते आणि खड्डा खालून भरतो. मग लोक म्हणतात संडास तुंबला. म्हणून जागा बर्डीवर, म्हणजे उंचवट्याच्या हलक्या जमिनीवर, निवडा, विहिरीपासून 15 मीटर लांब, उताराच्या खालच्या बाजूला. उंच जागा नसेल तर खड्डा अर्धा जमिनीवर बांधून भोवती मातीचा भराव द्या.

सोलरचा हिशेब हिवाळ्यात हलका असतो, पंखे लागत नाहीत. वीस दिवे पाच तास म्हणजे 0.9 युनिट, फ्रिज 1, एक एचपीचा पंप तासभर 0.75, मोबाइल, राउटर, संगणक आणि मिक्सर मिळून 0.8. एकूण साडेतीन युनिट. दीड किलोवॅटची पॅनलं आणि 12 व्होल्ट 150 अँपियर-अवरच्या चार बॅटऱ्या पुरतात. ही यंत्रणा बंद पडते ती गिझरमुळे. 12 माणसांना प्रत्येकी 20 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायचं म्हणजे 7 युनिट, बाकी सगळ्या वापराच्या दुप्पट. पाहुण्यांनी विजेची बादलीतली सळई आणली तरी तेच होतं. बंब पेटवा, नाहीतर 200 लिटरचा सौर बंब छतावर बसवा. पॅनलं झाडापासून लांब, उड्या मारणारी वानरं पोहोचणार नाहीत अशी. अर्थिंग आणि आकाशातली वीज अडवणारा वीजरोधक यावर पैसे वाचवू नका. आपल्याकडे जून आणि ऑक्टोबरच्या विजा एका कडाक्यात इन्व्हर्टर आणि राउटर दोन्ही घेऊन जातात.

‘ऑनलाइन’ हा शब्द गावात जरा सांभाळून वापरा. वीज गेली की टॉवर काही तासांत बंद पडतो. म्हणून बुकिंगचा खरा कागद म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली जाड वही. एका पानावर एक आठवडा, आडव्या ओळीत 12 खाटा, उभ्या रकान्यात सात रात्री, पेन्सिलने नाव आणि सभासद क्रमांक. संगणकावरचा तक्ता रोज रात्री वहीवरून भरायचा, वही तक्त्यावरून नाही. उलट केलंत तर नेट गेलेल्या दिवशी एका खाटेवर दोन कुटुंबं येऊन उभी राहतात. सभासदांचे आधारचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवू नका, आल्यावर ओळखपत्र बघून नोंद करा.

सभासदांचा व्हॉट्सअॅप गट फक्त सूचनांसाठी ठेवा, उत्तरं बंद. शंभर माणसांचा मोकळा गट महिन्याभरात सुप्रभात आणि राजकारणावर जातो आणि कामाची माणसं मुकी होतात. त्याऐवजी दर महिन्याच्या एक तारखेला एक पानी पत्र पाठवा: बांधीत काय चाललंय, किती जमा, किती खर्च, कोणत्या तारखा मोकळ्या. हिशेबाची ओळ कधीच गाळू नका, तोट्याच्या महिन्यात तर नाहीच. मतदान वर्षातून दोनदा पुरे, आणि विषय ग्रामसभेने आधी मान्य केलेल्या दोन-तीन पर्यायांतले: शिल्लक रकमेतून शाळेला पाण्याची टाकी की बांधावर झाडं, झाडं तर कोणती. एक वर्गणी एक मत, सात दिवस मुदत, तिसरा हिस्साही मतं पडली नाहीत तर ग्रामसभा ठरवेल.

गावातली धुसफूस सहसा कामाच्या वाटपावरून सुरू होते. स्वयंपाकाचं काम तीनच घरांत अडकू देऊ नका. बचतगटातल्या बायांची पंधरा-पंधरा दिवसांची पाळी लावा, मजुरी दर शनिवारी खात्यावर, आणि यादी समाजमंदिराच्या फळ्यावर खडूने.

जिवाच्या गोष्टी अर्जातच लिहा. पाहुणा जमिनीवर झोपणार नाही. खाट आणि कडा गादीखाली खोचलेली मच्छरदाणी सक्तीची, मलेरिया आणि मण्यार या दोन्हींसाठी. मण्याराचा दंश दुखत नाही, सुजत नाही, झोपेतच होतो. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्या असं कोणी म्हणालं तर काढा देत बसू नका, 108 ला फोन करून थेट प्रतिविष असलेल्या दवाखान्यात न्या. कुठल्या दवाखान्यात ते आहे हे हंगामाच्या आधी स्वतः जाऊन विचारून या. पहाटे आणि सांजेला जंगलात कोणी जायचं नाही, वाघाचा वावर असलेला भाग आहे. आणि जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे हे बुकिंगच्या वेळीच सांगा. मोहाच्या दारूची फर्माईश एखादा तरी पाहुणा करतोच, आणि ती पुरवणारं घर गावात मिळालं की तुमच्या कामात असलेल्या बाया दुसऱ्या दिवसापासून येणं बंद करतात. त्यांचं बरोबर असतं.

क्रम असा ठेवा. या हिवाळ्यात फक्त बांबू तोडून मुरवा आणि ग्रामसभेचा ठराव करून घ्या. उन्हाळ्यात दोनच खोल्या, चार खाटा. पहिला पावसाळा त्यांवर जाऊ द्या, कुठे गळतं आणि कुठे पाणी साचतं ते बघा. नोव्हेंबरात 25 सभासद, त्यातले निम्मे तुमच्याच गावातून नागपूर-पुण्याला गेलेली मुलं असली तर फार चांगलं, ती चुका समजून घेतात आणि स्पष्ट सांगतात. उरलेल्या चार खोल्यांना हात लावायचा तो मार्चमध्ये, त्या पंचवीसांपैकी पुन्हा वर्गणी भरणारे किमान पंधरा निघाले तर.